गाडी ट्रकवाल्याची, घर सुताराचं

मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, दुरुस्तीला कुठे न्यायचं हे ठरवायच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागते : बिघडलंय काय, गाडी की घर? अमेरिकेत या प्रश्नाचं उत्तर चुकलं की माणूस आठवडेच्या आठवडे या दारातून त्या दारात हिंडतो. ट्रकचं गॅरेज सांगतं, इंजिन-ब्रेक आम्ही बघू, छत गळतंय ते आमचं काम नाही. मोटरहोमचा डीलर सांगतो, छत, फ्रिज, नळ, पंप सगळं आमच्याकडे. इंजिनाला मात्र आम्ही हात लावत नाही. दोघंही खोटं बोलत नाहीत. हा धंदा उभाच तसा राहिला.

मला हे लवकर उमगलं याचं कारण दापोडी. माझे काका एसटीच्या दापोडीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत होते. लेलँडची किंवा टाटाची नुसती चासी तिथे यायची. सांगाडा, इंजिन, चार चाकांवरचा उघडा संसार. तिच्यावर पत्रा, बाकं, खिडक्या चढून ती लाल बस होऊन बाहेर पडायची. म्हणजे चासी एकाची, बॉडी दुसऱ्याची हा प्रकार आपल्यालाही नवा नाही. फरक एवढाच की बस एकदा डेपोत गेली की गिअरबॉक्स असो नाहीतर फाटकी सीट, जबाबदारी एसटीची. अमेरिकेतल्या मोटरहोमला असा डेपो कधी मिळालाच नाही. मिशिगनमध्ये मोटारीच्या कारखान्यांत नोकरी केली आणि पुढे एक जुनं मोटरहोम दारात आणून उभं केलं, तेव्हा या गोष्टीची किंमत डॉलरमध्ये कळली.

सुरुवातीच्या काळात प्रश्नच नव्हता, कारण मोटारीतून मुक्कामाला जाणारी माणसं एकतर श्रीमंत होती, नाहीतर स्वतः मिस्त्री. पिअर्स-ॲरो कंपनीने १९१० मध्येच मागच्या सीटचा पलंग होणारी टूरिंग लँडो काढली होती. ती घेणाऱ्याकडे ड्रायव्हर असणारच. हेन्री फोर्ड, एडिसन, टायरवाला फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज काही उन्हाळ्यांत गाड्यांचा ताफा घेऊन तंबू ठोकत हिंडायचे. १९१८ च्या सफरीत पेनसिल्व्हेनियातल्या कॉनेल्सव्हिलला एका गाडीचा पंखा तुटून रेडिएटरला भोक पडलं. गावातल्या गॅरेजवाल्यांनी हात टेकले. मग फोर्डनेच कोट काढला आणि दुरुस्ती करून टाकली. बरोजने हे लिहून ठेवलं आहे. सोबतीला फोर्ड असेल तर सर्व्हिस सेंटर शोधायची गरज कुणाला?

खरी भानगड पुढे सुरू झाली, तीही माझ्या घरापासून फार लांब नाही. मिशिगनमधल्या ब्राउन सिटी या छोट्या गावात रे फ्रँक नावाच्या माणसाने १९५८ च्या सुमाराला आपल्या कुटुंबासाठी चाकांवरचं घर बांधलं. लोकांनी बघितलं, मागणी आली, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला त्याने धंदा मांडला. चासी डॉजची, वरचं घर फ्रँकचं. पुढे त्याचीच ट्रॅव्हको ही फायबरग्लासची गोलसर गाडी झाली. १९६६ मध्ये आयोवातल्या फॉरेस्ट सिटीच्या विनेबॅगो कंपनीनेही तोच मार्ग धरला आणि बाकीच्यांच्या साधारण निम्म्या किमतीत मोटरहोम बाजारात आणलं. विनेबॅगोचा संस्थापक जॉन हॅन्सन मूळचा फर्निचरचा दुकानदार. हे मी गमतीने सांगत नाही. या धंद्यात शिरलेल्या माणसांना लाकूड, प्लायवूड, गाद्या, कपाटं कळत होती. इंजिन ते बाहेरून घेत होते. गिऱ्हाइकाला एकच किल्ली आणि एकच बिल मिळायचं, पण हमीची पुस्तकं दोन, पुढे जनरेटर आणि फ्रिजची धरली तर चार.

त्या दशकात मालकांनी स्वतःची सोय स्वतः केली. २० जुलै १९६३ ला मेन राज्यात खग्रास सूर्यग्रहण होतं. ते बघायला हिंकली या गावी सव्वीस कुटुंबं आपापली चाकांवरची घरं घेऊन जमली. बरीचशी घरं जुन्या बसमध्ये हाताने बांधलेली. ग्रहण काही क्षणांत संपलं, पण त्या मैदानावर एक संघटना उभी राहिली : फॅमिली मोटर कोच असोसिएशन. ती आजही आहे. तीन वर्षांनी गुड सॅम क्लब निघाला. त्याचा स्टिकर मागे लावलेली गाडी रस्त्यात अडकली तर त्याच स्टिकरचा दुसरा माणूस थांबून मदत करणार, अशी मूळ कल्पना. आपल्याकडे घाटात बंद पडलेल्या ट्रकसाठी मागचा ट्रकवाला थांबतो, त्यात नवीन काही नाही. इथे तेवढ्यासाठी क्लब आणि वर्गणी लागली.

तरी मोठं काम निघालं की क्लब पुरत नाही. मग गाडी माहेरी न्यायची. इंडियाना राज्याच्या उत्तरेला एल्कहार्ट, गोशेन, नॅपनी, मिडलबरी ही गावं दाटीवाटीने आहेत आणि अमेरिकेतल्या ८० टक्क्यांहून अधिक फिरत्या घरांचा, म्हणजे ट्रेलर आणि मोटरहोम दोन्हींचा, जन्म इंडियानातच होतो. एल्कहार्ट आधी बँडच्या वाद्यांसाठी प्रसिद्ध होतं. कॉन कंपनीची शिंगं-तुताऱ्या इथल्याच. पत्र्याला वाकवणारे आणि लाकडाला आकार देणारे हात गावात होतेच. तीसच्या दशकात, मंदीच्या ऐन भरात, इथे ट्रेलर बनू लागले. शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाची गर्दी जवळच होती आणि गावातल्या विल्बर शुल्टला धंद्याचं नाक होतं. पुढे एकाच्या कारखान्यातला फोरमन बाहेर पडून शेजारी स्वतःचा कारखाना काढणार, त्याचा फोरमन तिसरा, असं करत सगळा जिल्हा भरला.

या कारखान्यांत मोठ्या संख्येने अमिश काम करतात. घरात तारेची वीज नको, स्वतःची मोटार नको, असं मानणारा हा ख्रिस्ती पंथ. पहाटे काळोखात ते सायकलने कामावर येतात आणि दुपारी लवकर परत शेताकडे वळतात. त्यामुळे तिथे सर्व्हिसची वेळही पहाटेची. तुम्ही कारखान्याच्या आवारातच आपल्या गाडीत झोपलेले असता, आणि उजाडायच्या आत माणूस दार वाजवून गाडी आत न्यायला येतो. घरच गॅरेजमध्ये गेल्यावर राहायचं कुठे, हा प्रश्न इथल्या लोकांनी असा सोडवला : रात्री गाडी तुम्हाला परत. ओहायोत जॅक्सन सेंटरला एअरस्ट्रीमनेही गिऱ्हाइकांसाठी मुक्कामाची जागा केली आहे.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट याच भागातल्या शिपशेवाना गावाच्या बाजूची. जुन्या मोटरहोमचा फ्रिज बहुधा कॉम्प्रेसरचा नसतो. त्यात अमोनिया असतो. गॅसच्या ज्योतीने तो तापतो, फिरतो आणि थंडावा देतो. वीज नसली तरी चालतो, पण गाडी एका बाजूला कलली की रुसतो. त्याचं मागचं नळ्यांचं जाळं फुटलं की डीलर सरळ नवा फ्रिज घ्यायला सांगतो. आता अमिश घरांत वीज नाही, म्हणून त्यांचे स्वतःचे फ्रिज वर्षानुवर्षं याच तत्त्वावर गॅसवर चाललेले. साहजिकच ही नळ्यांची जाळी नव्याने बनवणारे कारागीर अमेरिकेत कुठे सापडावेत, तर या घोडागाडीवाल्यांत. ज्याने आयुष्यात स्टिअरिंगला हात लावला नाही तो माणूस तुमच्या मोटरहोमचा फ्रिज सगळ्यात चांगला दुरुस्त करतो.

माझी गाडी मात्र एल्कहार्टची नव्हे. ती जनरल मोटर्सची, आणि या सगळ्या इतिहासातली एकमेव वेगळी. १९७३ च्या मॉडेलपासून तिच्या जीएमसी शाखेने पाँटियाक, मिशिगन इथे मोटरहोम बनवलं तेव्हा पहिल्यांदाच एका बड्या मोटार कंपनीने चासी आणि घर दोन्हींची जबाबदारी आपल्या नावावर घेतली. ट्रकच्या सांगाड्यावर खोकं ठेवलं नाही. ओल्डस्मोबाइल टोरोनॅडो या गाडीचं ४५५ घनइंचाचं, म्हणजे साडेसात लिटरचं इंजिन पुढे बसवलं आणि पुढचीच चाकं फिरवली. मागे जाणारा दांडाच नाही, म्हणून जमीन खाली, बसायला पायरी लहान, आणि मागे दोन्ही बाजूंना एकापाठोपाठ दोन छोटी चाकं हवेच्या पिशव्यांवर तरंगती. गिअरबॉक्स इंजिनाच्या मागे नसून बाजूला, आणि दोघांना जोडणारी दोन इंच रुंद साखळी. आजही पेट्रोलपंपावर लोक येऊन विचारतात, ही नवीन कुठली? १९८१ च्या 'स्ट्राइप्स' या विनोदी चित्रपटात लष्कराची गुप्त गाडी म्हणून हीच दाखवली होती.

आणि मग १९७८ मध्ये कंपनीने ती बंद केली. सगळ्या मिळून तेरा हजारांच्या आतच निघाल्या. त्या कारखान्यात ट्रक बनवणं जास्त फायद्याचं होतं. एक जबाबदार आईबाप मिळाले होते, तेही पाच-सहा वर्षांत हात झटकून मोकळे. त्याच सुमाराला तेलटंचाईने सगळा धंदाच झोपला आणि डॉजनेही मोटरहोमच्या चासी बनवणं सोडलं. २००८-०९ च्या मंदीत हेच पुन्हा, मोठ्या प्रमाणावर. फ्लीटवूड, मोनॅको ही बडी नावं दिवाळखोरीत गेली, एल्कहार्टची बेकारी २० टक्क्यांच्या आसपास पोचली, ओबामा २००९ मध्ये दोनदा तिकडे येऊन गेले. हमीची पुस्तकं घेऊन बसलेल्या मालकांना तेव्हा विचारायला माणूस उरला नाही.

जीएमसीवाल्यांना याची सवय आधीच झाली होती. नव्वदच्या दशकात सुट्या भागांचा साठा आणि साचे मिशिगनमधल्याच सँडस्की गावच्या एका छोट्या कंपनीकडे गेले. बाकी काम मालकांनी अंगावर घेतलं. कारखान्याची चूक त्यांनी कशी दुरुस्त केली याचा एक नमुना सांगतो. पुढच्या चाकाच्या बेअरिंगला ग्रीस द्यायचं तर मूळ गाडीत सगळं खोलावं लागायचं, म्हणून कोणी द्यायचंच नाही, आणि बेअरिंग रस्त्यात जायचं. मालकांपैकी काहींनी चाक धरणाऱ्या 'नकल' या भागाला भोक पाडून त्यात ग्रीसचं निप्पल बसवलं. आता गन लावली, चार झटके दिले, झालं. साडेसोळा इंची टायर बाजारातून गेले तेव्हा सोळा इंची रिम कुठली बसते हेही त्यांनीच शोधून एकमेकांना कळवलं. आणि राज्याराज्यांत कोणाकडे जागा, जॅक आणि वेळ आहे अशा मालकांची यादी ठेवली.

माझ्या गाडीने एकाच उन्हाळ्यात दोन्ही दुखणी काढली : छतातून पलंगावर गळती, आणि चढावर पुढून येणारा कण्हल्यासारखा आवाज. एका मोठ्या डीलरने फोनवरच सांगितलं, दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी आम्ही घेत नाही. माझी तर चाळिशी ओलांडलेली. ट्रकच्या गॅरेजला साखळीचा गिअरबॉक्स म्हणजे काय हे मलाच चित्र काढून समजवावं लागलं, आणि जो माणूस चित्र बघून शिकतोय त्याच्याकडे गाडी सोडायची नाही एवढं दापोडीने शिकवलं होतं.

शेवटी काम फोडलं. गळती नॅपनीच्या बाजूच्या एका बारक्या दुकानात. तिथल्या म्हाताऱ्याने आत गालिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शिडी लावून वर गेला आणि एअरकंडिशनरच्या चौकटीभोवतीची जुनी लांबी अंगठ्याच्या नखाने उकरत एक फेरी मारली. नख जिथे आत गेलं तिथे खडूची खूण. पाणी एका जागी शिरतं आणि दहा फुटांवर टपकतं, हे त्याला माहीत होतं. आवाजाचं काम यादीतून मिळालेल्या एका जुन्या टोरोनॅडो मिस्त्रीकडे. त्याने मला गाडी चालवायला लावली, स्वतः दोन सीटांमधला गालिचा गुंडाळला, खालची झडप उघडली. या गाडीत इंजिन घरातूनच दिसतं. लाकडी दांडा एक टोक गिअरबॉक्सच्या झाकणावर आणि दुसरं कानाला लावून तो चढ संपेपर्यंत काही बोलला नाही. मग म्हणाला, साखळी बरी आहे, डावं बेअरिंग गेलंय. दोन्ही बिलं मिळून दुसऱ्या एका डीलरने मागे नुसत्या तपासणीसाठी सांगितलेल्या आकड्याच्या फार वर गेली नाहीत.

माझं मत विचाराल तर नवी गाडी, हमी चालू असेल, तर डीलरच्या फेऱ्यांत न अडकता शक्य असल्यास कारखान्याच्या गावी न्यावी. जुनी असेल तर दुकानाचा फलक बघू नये, त्या जातीच्या किती गाड्या त्या माणसाच्या हाताखालून गेल्या ते विचारावं. आणि गाडीचं काम व घराचं काम एकाच बिलात करून देतो म्हणणाऱ्यापासून सावध राहावं. बहुतेक वेळा त्यातलं एक तो दुसऱ्याकडूनच करून घेणार असतो.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. मोटर कॅरव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे मानकही आपल्याकडे आहे. पुण्या-मुंबईकडचे मित्र फोन करून विचारतात, एक बांधून घेऊ का? ट्रॅव्हलरसारख्या तयार गाडीवर कुणीतरी आत पलंग, ओटा, टाकी बसवून देणार. म्हणजे ब्राउन सिटीत घडलं तेच पुन्हा. जरूर घ्या. फक्त पैसे देण्याआधी एका कागदावर लिहून घ्या : चासीची हमी कोणाची, घराची कोणाची, आतली वायर कापल्यामुळे चासीची हमी रद्द होते का, आणि पावसाळ्यात छत गळलं तर फोन कोणाला करायचा. त्या शेवटच्या प्रश्नाला बांधून देणारा नाव आणि नंबर लिहून देत नसेल, तर दुसरा बांधणारा बघा.