ब्रेकच्या पिवळ्या दिव्याची हकीकत

वाशीम जिल्ह्यांतील रिसोड तालुक्यांत रिठद हें गांव आहे. अशा गांवीं एखाद्या मोटारींत ‘ए.बी.एस.’ हीं अक्षरें असलेला पिवळा दिवा लागला आणि तो विझेनाच, म्हणजे मालकाला हमखास दोन सल्ले मिळतात. एक म्हणतो, ‘ब्रेक लागताहेत ना? मग चालूं द्या.’ दुसरा म्हणतो, ‘कंट्रोल मॉड्यूल गेलें, नवें घाला.’ पहिल्यांत जिवाला धोका आहे, दुसऱ्यांत पुष्कळदां हजारों रुपयांचा विनाकारण भुर्दंड. हा दिवा मोटारींत आला कसा, हें कळलें म्हणजे दोन्ही सल्ल्यांचें मोल कळतें.

जोरानें ब्रेक दाबला असतां चाक फिरायचें थांबतें, पण गाडी थांबतेच असें नाहीं. ती घसरते, आणि पुढचीं चाकें घसरूं लागलीं कीं स्टिअरिंग कितीहि फिरवा, गाडी वळत नाहीं. डांबरी रस्त्यावर काळ्या मातीचा चिखल पसरला म्हणजे काय होतें, तें वऱ्हाडांतल्या चालकांना सांगावयास नको.

या दोषाचा जाच विमानांनाहि होता. इंग्लंडांतील डनलॉप कंपनीनें १९५० नंतरच्या दशकांत त्यांच्यासाठीं ‘मॅक्सारेट’ नांवाचें यंत्र पुढें आणलें. त्यांत एक लहानसें जड चक्र चाकाबरोबर फिरे. चाक एकाएकी मंदावलें तरी तें चक्र आपल्या वेगानें पुढें जाई, आणि त्या फरकानें झडप हलून ब्रेकचा दाब उतरे. १९६६ सालीं तेंच तत्त्व ‘जेन्सन एफ.एफ.’ या मोटारींत आलें. पण अशा मोटारी उण्यापुऱ्या ३२० निघाल्या.

जर्मनींत बॉश कंपनीनें तर १९३६ सालींच चाक अडकूं न देणाऱ्या यंत्राचें पेटंट घेतलें होतें. कल्पना होती, तिला लागणारा मेंदू नव्हता. पहिल्या विद्युत्पेटींत सुमारें १००० सुटे भाग होते, व उष्णता आणि हादरे यांपुढें त्यांचा भरंवसा धरवत नसे. डाइमलर-बेंझनें १९७० सालीं पत्रकारांना प्रयोग दाखविला. परंतु यंत्र विक्रीस येण्यास १९७८ साल उजाडलें. तोंवर अंकगणितीं परिपथांमुळें भागांची संख्या १४० वर आली होती.

तो उशीर शहाणपणाचा होता. अमेरिकेंत १९७५ सालीं हवेच्या ब्रेकच्या मालमोटारींना चाकें न अडकतां थांबण्याची अट लागू झाली. पेट्या बिघडूं लागल्या. रेडिओच्या लहरींनींहि त्या चकतात अशा तक्रारी आल्या. (नभोवाणीवरून हें सांगतांना थोडा संकोच वाटतो.) अखेर १९७८ सालींच, पॅकार कंपनीच्या दाव्यांत, न्यायालयानें ती अट अव्यवहार्य ठरविली. १९९५ सालीं नियम परत आला, तो बिघाड कळविणारा दिवा बरोबर घेऊनच. माझ्या मतें या विद्येची खरी प्रगति येथें आहे. यंत्र केव्हांतरी बिघडणारच हें तिनें गृहीत धरलें. बिघडल्यावर त्यानें बाजूला व्हावें, साधा ब्रेक शाबूत ठेवावा, आणि चालकाला तसें कळवावें. भारतांत नव्या मोटारींना हें यंत्र एप्रिल २०१९ पासून सक्तीचें आहे.

गाडी सुरू होतांना दिवा क्षणभर लागतो, तो पेटी स्वतःची परीक्षा घेते म्हणून. तो विझला नाहीं, तर पेटीनें काम सोडलें असें समजावें. ब्रेक लागेल, पण ओल्या रस्त्यावर चाक अडकेल. सोबत तांबडा दिवाहि लागला असेल तर गाडी हलवूं नये. ब्रेकचें तेल उतरलें असेल, किंवा पुढच्या-मागच्या चाकांतील दाबाचा तोल बिघडला असेल.

मग स्कॅनर लावावा; मात्र केवळ इंजिनाचे दोष वाचणारा स्कॅनर येथें चालत नाहीं. ‘उजव्या पुढच्या चाकाचा सेन्सर’ असा दोष आला, तरी सेन्सर गेलाच असें नव्हे. तिकडून नीट संकेत येत नाहीं, एवढाच त्याचा अर्थ. तुटलेली तार, जोडणींत शिरलेलें पाणी, सेन्सरला चिकटलेला लोखंडाचा कीस, दांतेरी कड्याला गेलेली चीर, ढिलें बेअरिंग, यांतलें कांहींहि असेल. बॅटरी, फ्यूज आणि अर्थिंग हीं तर आधींच पाहावींत. पेटीवर संशय घ्यावयाचा तो शेवटीं.

तरी पेटीहि निर्दोष नसते. १९९० नंतरच्या दशकांत ती पुष्कळ गाड्यांत झडपांच्या ठोकळ्यावरच बसूं लागली. तारा वाचल्या, पण इंजिनाची ऊब आणि हादरे तिच्या वांट्याला आले. आंतले बारीक सांधे तडकतात. मग गाडी तापली कीं दिवा लागतो, निवली कीं विझतो. वीज व तारा ठीक असूनहि स्कॅनरला पेटीकडून उत्तरच मिळत नसेल, तर दोष बहुधा तिच्यांतच असतो. असे सांधे कांहीं वेळां दुरुस्त होतात. दुसऱ्या गाडीची पेटी आणली तर तिची जुळणी बहुधा स्कॅनरनें नव्यानें करावी लागते. आणि दुरुस्तीनंतर कित्येक गाड्यांत चाकें फिरून चारी संकेत जुळल्यावरच दिवा विझतो. उभ्या गाडींत तो दिसला, एवढ्यावरून काम फसलें असें समजूं नये.