झाडीतला अचंबा

चकित होऊन जागीच थबकलेल्या माणसाला इंग्रजीत ‘टेकन अबॅक’ म्हणतात. हा प्रयोग शिडाच्या जहाजांवरचा. वारा अवचित समोरून आला की शीड उलटे डोलकाठीवर दाबले जाई आणि चालते जहाज अडे. भंडारा जिल्ह्याला समुद्र नाही; आहेत तलाव, धानाच्या बांध्या आणि वैनगंगा. इथे थक्क झालेल्याच्या तोंडून ‘बाप्पा!’ निघते, बायकांच्या तोंडून ‘माय वं!’

भंडारा गावातली अचंब्याची एक जुनी हकिकत तर मराठी गद्याच्या उगमाशी जाऊन भिडते. तेराव्या शतकात महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी फिरत फिरत इथे आले. इथल्या नीळभट्टांना त्यांची अशी ओढ लागली की घरदार सोडून ते स्वामींबरोबर चालू लागले. महानुभाव परंपरा त्यांना भांडारेकार म्हणून ओळखते. म्हाइंभटांनी स्वामींच्या अशा आठवणी माणसामाणसाकडून गोळा केल्या आणि ‘लीळाचरित्र’ हा मराठीतला आद्य गद्यग्रंथ उभा राहिला. पुढे एका विद्वान शिष्याने संस्कृतात प्रश्न केला, तेव्हा पंथाचे आचार्य नागदेवाचार्य यांनी त्याला बजावले की स्वामींनी आपल्याला मराठीतूनच शिकवले आहे. लोकांच्या तोंडची भाषा थोर विचाराला पुरेशी आहे, हा विश्वास भंडाऱ्याने आपला वारसा म्हणून अभिमानाने सांगावा असाच आहे.

शाळेने मात्र वेगळी सवय लावली. पाठ्यपुस्तकांतून ‘आश्चर्यचकित होणे’ आले आणि घरातली बोली अशुद्ध ठरली. इथल्या या झाडीबोलीत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. पाण्याचे पानी होते, डोळ्याचा डोरा. एवढ्यावरून पोरांना हसू झेलावे लागले. हा अन्याय होता.

बोली टिकली ती मंडईत. दिवाळी सरली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्री दंडार किंवा खडी गंमत हे लोकनाट्य रंगते. ढोलकी वाजत असते, पुरुषच लुगडे नेसून बाईचे सोंग वठवतात आणि समोर बसलेले गाव मोठ्याने दाद देते. तिथे ‘आश्चर्यचकित’ कोणी म्हणत नाही.

साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा अभ्यास हाती घेतला, झाडीबोली-मराठी शब्दकोश केला, आणि झाडीबोलीची साहित्य संमेलने भरू लागली. 1999 मध्ये गोंदिया वेगळा जिल्हा झाला, तरी बोलीची हद्द सरकली नाही. ती पूर्वेला गोंदियात आणि दक्षिणेला चंद्रपूर-गडचिरोलीतही पसरलेली आहे. 2023 मध्ये गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना याच मुलखातल्या झाडीपट्टी रंगभूमीसाठी पद्मश्री मिळाली.

नांगर, धान, मासे यांचे शब्द कोशात सहज बसतात. उद्गारांचे तसे नाही. ‘बाप्पा’ कौतुकाचा की भीतीचा, हे त्याच्या हेलावरून कळते, आणि तो हेल कागदावर उतरत नाही. म्हणून दंडारीतल्या जुन्या सोंगाड्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवणे हे कोशाइतकेच निकडीचे काम आहे.