वर्ज्य पदार्थांची यादी आली कोठून?

सातारा-सांगलीकडच्या स्वयंपाकघरातून शेंगदाणा काढून टाकायचा म्हटले, तर रोजचा स्वयंपाकच अडेल. भाजीत दाण्याचे कूट, भाकरीबरोबर दाण्याची चटणी, उपवासाला खिचडी आणि लाडू. भुईमुगाच्या एका वाणाचे तर नावच मुळी 'कराड ४-११' आहे. अशा घरातल्या एखाद्या मुलाच्या हाती रक्ततपासणीचा अहवाल पडतो, त्यात शेंगदाणा, दूध, गहू, अंडे यांच्यापुढे फुल्या असतात आणि शाळेत त्याचा डबा वेगळा होतो. शिक्षकांनी या फुल्यांचा अर्थ काय लावावा? त्यासाठी अशा याद्या करण्याची रीत कशी सुरू झाली ते पाहायला हवे.

'ॲलर्जी' हा शब्द व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी १९०६ साली बनवला. १९१२ मध्ये न्यूयॉर्कच्या ऑस्कर श्लॉस यांच्याकडे अंडे, बदाम आणि ओट यांचा त्रास होणारा एक मुलगा आला. त्याच्या त्वचेवर ओरखडे काढून त्यांनी त्या पदार्थांचे अर्क लावले, तेव्हा तेथे गांधी उठल्या.

गांध उठते कशामुळे? १९२१ साली जर्मनीत हाइन्झ क्युस्टनर व कार्ल प्राउसनिट्झ यांनी याचा छडा लावायचे ठरवले. क्युस्टनर यांना मासे सोसत नसत. त्यांच्या रक्तातील सीरम प्राउसनिट्झ यांनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतले आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. मासे खुशाल पचवणाऱ्या प्राउसनिट्झ यांच्या अंगावर तेवढ्याच जागी गांध उठली! रक्तात काहीतरी आहे हे ठरले. ते 'आयजीई' नावाचे प्रतिपिंड आहे हे कळायला मात्र १९६६-६७ साल उजाडले. अमेरिकेत इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिख यांनी ते स्वतंत्रपणे शोधले, आणि मग ते रक्तात मोजताही येऊ लागले.

मधल्या काळात कॅलिफोर्नियाचे डॉक्टर ॲल्बर्ट रो यांनी वेगळी वाट धरली होती. त्वचाचाचणीवर त्यांचा पुरता भरवसा नव्हता. १९२० च्या दशकात त्यांनी रुग्णांना काही काळ मोजकेच पदार्थ खायला द्यायला सुरुवात केली. त्रास थांबला, की सोडलेले पदार्थ एकेक करून परत सुरू करायचे; ज्याने त्रास उलटेल तो दोषी. म्हणजे वर्ज्य आहार हा आधी एक प्रयोग होता, आणि त्याचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतकाच महत्त्वाचा होता. आमच्या मते घोटाळा झाला तो पुढे. वगळणे तेवढे राहिले, परत सुरू करणे लोक विसरले.

या प्रयोगातही एक उणीव होती. आपण काय खातो आहोत हे रुग्णाला ठाऊक असले, की नुसत्या धास्तीनेही पोटात ढवळते. म्हणून १९७६ साली डेन्व्हरच्या चार्ल्स मे यांनी पदार्थ ओळखू येणार नाही असा दडवून दिला. त्यात काय आहे हे ना मुलाला माहीत, ना तपासणाऱ्या डॉक्टरला. ज्या पदार्थांची ॲलर्जी आहे असे समजले जात होते, ते पुष्कळ मुलांना निर्धोक ठरले.

रक्तात आयजीई सापडणे आणि पदार्थ खाऊन आजारी पडणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कर्नाटकातील प्रौढांची एक पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कोणत्या ना कोणत्या अन्नपदार्थाविरुद्ध आयजीई आढळले. खरी ॲलर्जी संभवत होती ती १.२ टक्के लोकांना. लांबलचक याद्या देणाऱ्या काही चाचण्या तर आयजीई मोजतच नाहीत, त्या 'आयजीजी' हे दुसरे प्रतिपिंड मोजतात. ते बहुधा तो पदार्थ आपल्या खाण्यात आहे एवढेच सांगते. रोज कूट खाणाऱ्या मुलाच्या रक्तात शेंगदाण्याचे आयजीजी मिळाले, तर त्यात नवल कसले? अन्नाच्या ॲलर्जीच्या निदानासाठी ही चाचणी वापरू नये, असे युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच स्पष्ट केले आहे.

विनाकारण वगळण्याची किंमत असते. वाढत्या वयात दूध, अंडी, दाणे एकदम बंद झाले, तर प्रथिने यायची कोठून? शिवाय शेंगदाण्याबाबत एक उलटीच गोष्ट निघाली. ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नये, असा सल्ला अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली दिला होता. २००८ मध्ये तो मागे घेतला गेला. २०१५ साली लंडनमधील ६४० बालकांवरील प्रयोगाचे निष्कर्ष आले. पाचव्या वर्षी, शेंगदाणा टाळलेल्या मुलांपैकी सुमारे १७ टक्क्यांना त्याची ॲलर्जी होती. तान्हेपणापासून तो खाल्लेल्यांपैकी सुमारे ३ टक्क्यांना. (तान्ह्या मुलाला अख्खा दाणा मात्र कधीही देऊ नये, तो श्वासनलिकेत अडकतो.)

खरी ॲलर्जी असते तेव्हा सहसा पदार्थ खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात, उलट्या होतात, कधी धाप लागते. धाप लागली वा मूल गळून गेले, तर ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन आणि रुग्णालय यांना पर्याय नाही. अशा मुलाला तो पदार्थ कटाक्षाने टाळावा लागतो, आणि 'खाऊन पाहण्याची' परीक्षा घरी किंवा शाळेत नव्हे, रुग्णालयात डॉक्टरांसमोरच घेतात. दूध आणि अंडे यांची ॲलर्जी बऱ्याच मुलांत वयाबरोबर जाते. त्यामुळे त्यांच्या यादीचीही तज्ज्ञ अधूनमधून फेरतपासणी करतात.