मोटारीतील ध्वनियंत्रणेचा विद्युतभार

मोटारीत बसवलेला स्टिरिओ, ॲम्प्लिफायर व स्पीकर यांच्यामुळे वाहनाच्या बॅटरीवर आणि अल्टरनेटरवर जो भार पडतो, त्यास ध्वनियंत्रणेचा विद्युतभार म्हणतात. कारखान्यातून वाहनासोबत आलेल्या संचाचा भार अल्प असतो व वाहनाच्या रचनेत तो गृहीत धरलेला असतो. नंतर मोठे ॲम्प्लिफायर व सबवूफर जोडल्यास मात्र हा भार वाहनातील इतर सर्व उपकरणांच्या एकत्रित भाराइतका होऊ शकतो.

पार्श्वभूमी

मोटारीतील आरंभीचे रेडिओ निर्वात नलिकांवर चालत व त्यांना बरीच वीज लागे. अमेरिकेत गॅल्विन बंधूंच्या कंपनीने १९३० साली ‘मोटोरोला’ या नावाचा मोटार रेडिओ बाजारात आणला. पुढे ट्रान्झिस्टरमुळे रेडिओचा वीजवापर पुष्कळ घटला. १९६०च्या दशकात मोटारींमध्ये डायनामोची जागा अल्टरनेटरने घेतली. इंजिन मंद गतीने फिरत असतानाही अल्टरनेटर डायनामोपेक्षा अधिक वीज देतो. शक्तिशाली ॲम्प्लिफायरांचा प्रसार झाल्यावर ध्वनियंत्रणेच्या भाराचा प्रश्न पुन्हा उद्भवला.

बॅटरी व अल्टरनेटर यांचे कार्य

बॅटरीचे मुख्य काम इंजिन सुरू करणे हे होय. इंजिन सुरू झाल्यावर सर्व उपकरणांना वीज पुरवण्याचे आणि बॅटरी पुन्हा भरण्याचे काम अल्टरनेटर करतो. बॅटरी ही विजेची साठवण आहे, उगम नव्हे. तिच्यातून घेतलेली वीज अल्टरनेटरला भरून द्यावीच लागते.

पूर्ण भरलेल्या शिसे-आम्ल बॅटरीचा विद्युतदाब विश्रांत अवस्थेत सुमारे १२.६ व्होल्ट असतो. इंजिन चालू असताना तो साधारणपणे १३.८ ते १४.५ व्होल्ट असतो. चालू इंजिनावरही तो दीर्घकाळ १३ व्होल्टांच्या खाली राहत असेल, तर मागणी उत्पादनापेक्षा अधिक आहे किंवा अल्टरनेटरात दोष आहे, असे समजावे.

भाराचे गणित

समजा, ॲम्प्लिफायर सतत ५०० वॅट ध्वनिशक्ती देत आहे. त्याची कार्यक्षमता ६० टक्के धरल्यास त्यास सुमारे ८३० वॅट वीज लागेल. १३.८ व्होल्टांवर हा प्रवाह ६० ॲम्पियर होतो. ‘डी’ वर्गाच्या ॲम्प्लिफायरची कार्यक्षमता ८० टक्क्यांच्या पुढे असू शकते. त्यामुळे तेवढ्याच ध्वनिशक्तीसाठी त्यास सुमारे ४५ ॲम्पियर पुरतात. प्रत्यक्ष संगीतात आवाज सतत कमीजास्त होत असल्याने सरासरी प्रवाह याहून बराच कमी असतो.

तुलनेसाठी, ५५ वॅटचे दोन हॅलोजन दिवे मिळून सुमारे ८ ॲम्पियर घेतात. शिवाय अल्टरनेटरवर लिहिलेली क्षमता त्याच्या उच्च फेऱ्यांवरील असते. वाहन सिग्नलला उभे असताना तो त्याहून पुष्कळ कमी प्रवाह देतो. म्हणूनच महामार्गावर निर्वेध चालणारी यंत्रणा शहरातील कोंडीत बॅटरी रिकामी करू लागते.

परिणाम

ढोलाच्या किंवा बासच्या प्रत्येक ठोक्याबरोबर पुढचे दिवे मंदावणे, हे अतिभाराचे ठळक लक्षण आहे. अल्टरनेटरचा नियंत्रक क्षणिक मागणीस लगेच प्रतिसाद देऊ शकत नाही व ती तूट बॅटरी भरून काढते. अशी तूट वारंवार पडून बॅटरी अर्धवट भरलेल्या अवस्थेतच राहिली, तर तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात व तिची धारणक्षमता कायमची घटते. अल्टरनेटर सतत कमाल क्षमतेने चालल्यास त्याची वेटोळी व डायोड तापून निकामी होऊ शकतात. इंजिनावरील भार वाढल्याने इंधनही अधिक लागते.

इंजिन बंद असताना सर्व भार बॅटरीवर पडतो. ४५ ॲम्पियर-तास क्षमतेच्या बॅटरीतून ५ ॲम्पियर प्रवाह घेतल्यास साडेचार तासांत ती निम्मी रिकामी होते. ॲम्प्लिफायर चालू-बंद करणारी तार चुकीच्या जागी जोडल्यास तो गाडी बंद केल्यावरही जागा राहतो. असा केवळ अर्धा ॲम्पियर प्रवाह वाहत राहिला, तरी दिवसाला १२ ॲम्पियर-तास खर्च होतात आणि दोन दिवसांनी इंजिन सुरू न होण्याची वेळ येते.

उपाय व समजुती

कपॅसिटर बसवल्याने वीज वाढते, ही समजूत चुकीची आहे. १ फॅरड कपॅसिटरचा दाब १४ वरून १३ व्होल्टांवर येताना त्यातून केवळ १३.५ ज्यूल ऊर्जा मिळते. ५०० वॅटच्या मागणीस ती एका सेकंदाच्या सुमारे ३७व्या भागाइतकीच पुरते. त्यामुळे कपॅसिटर क्षणिक धक्का सौम्य करतो, तूट भरून काढत नाही. दुसऱ्या बॅटरीमुळे इंजिन बंद असताना संगीत अधिक वेळ ऐकता येते, परंतु तीही अखेर त्याच अल्टरनेटरला भरावी लागते. सरासरी मागणीच उत्पादनापेक्षा अधिक असेल, तर अधिक क्षमतेचा अल्टरनेटर बसवणे अथवा भार कमी करणे हाच उपाय उरतो.

जोडणीतील तारा प्रवाहाला साजेशा जाड असाव्यात. बॅटरीच्या धन टोकापासून निघणाऱ्या तारेवर, टोकाच्या शक्य तितक्या जवळ, फ्यूज असणे अत्यावश्यक आहे. फ्यूज नसलेल्या तारेचे आवरण घासून ती गाडीच्या पत्र्याला टेकल्यास आग लागू शकते. हा फ्यूज ॲम्प्लिफायरपेक्षा प्रामुख्याने तारेच्या संरक्षणासाठी असतो. म्हणून तो वारंवार जात असल्यास त्याजागी अधिक क्षमतेचा फ्यूज न बसवता दोष शोधावा.