काळ्या पिशवीतली पिवळी बाटली

गेल्या पावसाळ्यात आमच्या जाऊबाई इथे नाशिकला एका हॉस्पिटलात होत्या. तीन आठवडे पोटात काही ठरत नव्हतं, सगळं पोषण शिरेतून. सलाईनच्या बाटलीवर काळी पिशवी घातलेली बघून मी विचारलं, तर सिस्टर म्हणाल्या, "आजी, आत व्हिटॅमिन्स आहेत, उजेडाने खराब होतात." डोकावून पाहिलं तर पाणी पिवळंधमक! तो रंग बी-टूचा म्हणे.

पहिल्या दिवशी मीच डॉक्टरांच्या मागे लागले होते, "अहो, ग्लुकोज लावा ना लवकर!" त्यांनी शांतपणे आधी बी-वनचं इंजेक्शन दिलं. उपाशी शरीरातला बी-वनचा साठा संपत आलेला असतो. त्यात एकदम साखर सोडली, की ती जाळायला उरलासुरलाही खर्ची पडतो आणि मेंदूला, हृदयाला धोका होतो. अमेरिकेत १९८८ साली शिरेतून पोषण घेणारे तीन रुग्ण बी-वन न मिळाल्याने दगावले. साखर, प्रथिनं सगळं मिळत होतं बरं का त्यांना!

घरी येऊन वाचत बसले (निवृत्त मास्तरणीला दुसरा उद्योग काय!). आजाऱ्याला नेमकं काय कमी पडतंय ते शोधणाऱ्यांच्या गोष्टी वाचता वाचता थेट मुंबईला पोचले.

१९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये काम करू लागल्या. गिरणीत राबणाऱ्या गरीब गरोदर बायका पंडुरोगाने मरत होत्या. लोह कमी पडलं की रक्तपेशी लहान होतात, यांच्या मात्र मोठ्या झालेल्या. बाई नुसतं रक्त तपासून थांबल्या नाहीत. या बायका काय खातात ते त्यांनी पाहिलं, तसलंच निकस अन्न उंदरांना घातलं. अखेर गुण आला तो मार्माइटने, म्हणजे इंग्रज लोक पावाला लावतात त्या यीस्टच्या काळ्या चिकट अर्काने! १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कात असं काय आहे, हे मात्र तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. लोक त्याला 'विल्स फॅक्टर' म्हणत. १९४१ साली पालकाच्या पानांतून फॉलिक ॲसिड वेगळं काढलं गेलं, आणि १९४५ मध्ये अमेरिकेत आपल्या आंध्रातल्या येल्लाप्रगडा सुब्बारावांच्या चमूने ते प्रयोगशाळेत तयार केलं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. माझी आई १९५८ साली बाळंतपणात गेली. मी सहा वर्षांची होते. "अंगात रक्तच नव्हतं," एवढंच घरात बोललं जाई. तिचं रक्त कुणी तपासलं नाही, तेव्हा पंडुरोग कुठला ते आता कोण सांगणार? पण पालेभाजी बाधते म्हणून आजी तिच्या ताटात ती वाढत नसे, हे मला लख्ख आठवतं. औषध तयार होऊन तेरा वर्षं झाली होती. परळहून आमचं इगतपुरीजवळचं गाव, रेल्वेने अर्ध्या दिवसाचाही रस्ता नव्हे.

असो. जाऊबाई आता घरी आल्या आहेत. काल त्यांनी आपणहून मेथीची भाजी मागितली. मी दोनदा वाढली.