अकरा महिन्यांचं गौडबंगाल

बारामतीत एमआयडीसीकडं खोली बघा नाहीतर इंदापुरात, मालक आधी म्हणणार, "करार अकरा महिन्यांचाच हां!" हे आलं कुठून? 1908 च्या नोंदणी कायद्यानं वर्षावरचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं केलं, म्हणून एक महिना कमी! त्यात 1 फेब्रुवारी 1973 ला लायसन्सवर राहत असलेल्यांना कायद्यानं भाडेकरू ठरवलं, नि मालकांनी धास्तीच घेतली.

पण 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नं ही पळवाट बुजवली. करार कितीही महिन्यांचा असो, लेखी आणि नोंदणीकृतच हवा. जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही, तर वादात अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य, उलट सिद्ध होईपर्यंत. आणि आपली पोरं अजून नुसत्या नोटरीवर डिपॉझिट मोजतायत!