महालक्ष्मीची यात्रा आणि ऋतूची निवड : रानशेत परिसराच्या संदर्भात

प्रवासासाठी योग्य काळ कोणता, हा आज पर्यटनाचा प्रश्न मानला जातो. डहाणू तालुक्यातील रानशेत परिसरात मात्र तो शेतीच्या चक्राशी निगडित आहे. विवळवेढे येथील महालक्ष्मीची यात्रा चैत्र पौर्णिमेपासून सुमारे १५ दिवस भरते. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. तथापि अधिक मासामुळे हा फरक भरून निघतो व चैत्र पौर्णिमा साधारणतः मार्चअखेर ते एप्रिलअखेर या मर्यादेत राहते. म्हणजेच तिथी निश्चित केली की ऋतूही निश्चित होतो.

या काळात भाताची कापणी व झोडणी आटोपलेली असते, जूनमधील पेरणी दूर असते आणि नद्यांना पूर नसतो. वारली व अन्य आदिवासींना पायी जाण्यास हाच काळ सोयीचा होता. वेठबिगारीविरुद्धची तलासरीजवळील झरी येथील वारल्यांची परिषदही १९४५ च्या मे महिन्यात, म्हणजे पेरणीपूर्वीच्या याच अवकाशात भरली, हे येथे लक्षणीय आहे. पावसाळ्यात शेतकाम व कर्ज यांनी जखडलेला माणूस उन्हाळ्यातच मोठ्या संख्येने एकत्र येऊ शकत होता. यास्तव यात्राकाळाचा अभ्यास केवळ धार्मिक परंपरा म्हणून न करता श्रमजीवनाच्या इतिहासाचे साधन म्हणून करणे आवश्यक ठरते.